मुंडकं बदललेला शिपाई

पहिला काप बहुतेकांचा मानेवरच बसतो. २८ मिलिमीटर उंचीचा, करड्या प्लॅस्टिकचा शिपाई डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, कॉलरच्या वरच्या कडेला पात्याची धार टेकवायची आणि घाई न करता, शिपाई फिरवत फिरवत दाब वाढवत जायचं. ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं टेबलावर गडगडतं. त्या जागी दुसऱ्याच खोक्यातलं, कधी दुसऱ्याच शतकातल्या सैनिकाचं डोकं बसवायचं. ते सरळ समोर बघणारं बसवलं तर शिपाई कवायतीत उभा असल्यासारखा दिसतो. तेच किंचित डावीकडे वळवलं, हनुवटी खांद्याकडे झुकवली, की तोच शिपाई झाडीत काहीतरी खसफसलेलं ऐकून थबकलेला दिसतो. हात तेच, पाय तेच, बंदूक तीच. फरक पडला तो मानेच्या पंधरा-वीस अंशांच्या वळणानं.

टेबलावरच्या युद्धखेळांच्या जगात याला ‘हेड स्वॅप’ म्हणतात, आणि मूर्तींची काटछाट करणारा जवळजवळ प्रत्येक जण याच पायरीवरून पुढे जातो. एकाच मूर्तीत कापाकापी करून, पुट्टी लावून तिचं रूप बदललं तर ते ‘कन्व्हर्जन’. दोन-तीन वेगवेगळ्या किटचे भाग एकत्र आणून त्यांतून तिसरंच काही उभं केलं तर तो ‘किटबॅश’. हा शब्द रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांच्याही तोंडी आहे आणि सिनेमावाल्यांच्याही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली अजस्र अंतराळयानं जवळून बघितली तर त्यांच्या अंगावर रणगाड्यांच्या आणि विमानांच्या बाजारी किटमधले असंख्य तुकडे चिकटवलेले आहेत. प्रेक्षकाला ते तुकडे ओळखू येत नाहीत; हे यान खरोखर कुठल्यातरी कारखान्यात बनलंय, एवढंच त्याला जाणवतं.

ज्या खेळासाठी ही खटपट, तो थोडक्यात असा. साधारण सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबलावर टेकड्या, घरं, कुंपणं, ओढे मांडायचे. दोन खेळाडू, दोन फौजा. कोण किती सरकणार ते मोजपट्टी सांगणार, गोळी लागली की नाही ते फासे ठरवणार. याचं मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं शिक्षणासाठी नकाशावर खेळायचा ‘क्रीगश्पील’ सैन्यापुढे ठेवला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून युद्धखेळ घरातल्या जमिनीवर, खेळण्यातल्या शिपायांच्या हाती दिला. डाव दोन-तीन तासांत संपतो. फौज उभी करायला मात्र महिने लागतात, काहींना वर्षं, आणि माझ्यासारख्या अनेकांचा जीव त्या उभारणीतच गुंतलेला असतो.

दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. पुण्याच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या मातीच्या मावळ्याचा भाला पहिल्याच दिवशी मोडायचा. मग त्या मुठीत उदबत्तीची काडी बसवायची, टोकाला चांदीचा कागद गुंडाळायचा. एक पहारेकरी बसलेला दाखवावा म्हणून आम्ही उभा मावळा बुरुजाला टेकवून ठेवायचो, आणि तो बसलेला न दिसता कलंडलेलाच दिसायचा, कारण त्याचे गुडघे वाकत नव्हते. मातीच्या मूर्तीला सांधा नसतो. या साऱ्या छंदाचा इतिहास मला त्या न वाकणाऱ्या गुडघ्याभोवती फिरताना दिसतो: मूर्तीला सांधे कधी आले, कुठल्या पदार्थानं ते दिले, आणि ते आल्यावर खोकं विकत घेणाऱ्यानं त्यांचं काय केलं.

आधी शिसं होतं. शिसे-कथलाच्या मिश्रधातूची मूर्ती एकसंध ओतलेली असायची. तिचा हात वर करायचा तर बारीक करवतीनं कापायचा, कानशीनं घासायचा, दोन्ही तुकड्यांत सुईएवढी भोकं पाडून तार घालायची आणि डाख द्यायचा. उष्णता जरा जास्त झाली तर हाताबरोबर खांदाही वितळून जायचा. हे करणारे लोक होते, आणि त्यांचं काम थक्क करणारं होतं, पण ते मोजके होते.

१९५९ मध्ये ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीनं अंगठ्याच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे शिपाई बाजारात आणले. पहिला संच गार्ड्सच्या बँडचा होता. खोकं इतकं स्वस्त की शाळकरी मुलगाही खाऊच्या पैशांतून शेकड्यांनी फौज जमवू लागला. अडचण होती ती वेगळीच. कंपनी जे काढेल तेवढंच मिळणार, आणि खेळाडूला हवी असलेली लढाई नेमकी त्या यादीत नसायची. त्यातून काटछाट सुरू झाली. अमेरिकन यादवी युद्धातल्या पायदळाची चपटी, पुढे कललेली केपी टोपी १८७० च्या फ्रेंच सैनिकाच्या टोपीसारखीच दिसते. विजार लाल रंगवा, पाठीवर पडशी चढवा, की गेटिसबर्गचा शिपाई सेदाँच्या रणात उभा. डोनाल्ड फेदरस्टोन यांचं ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली आलं. त्या काळच्या खेळाडूंना अशी नजर असावीच लागायची. खोक्यावर काय लिहिलंय याकडे दुर्लक्ष करून आत कुठली टोपी, कुठला कोट, कुठली बसण्याची ढब आहे हे बघणारी नजर.

पण एअरफिक्सच्या शिपायांचं प्लॅस्टिक पॉलिथिन होतं, आपल्या दुधाच्या पिशवीच्या जातीचं. मऊ, लवचिक आणि गोंदाला दाद न देणारं. कापलेलं डोकं परत बसवायचं तर टाचणी खुपसून, नाहीतर तापवलेल्या सुईनं दोन्ही कडा वितळवून. रंगाचंही तेच. बंदुकीची नळी वाकली की रंगाचे पापुद्रे सुटायचे, म्हणून आधी पांढऱ्या गोंदाचा हात द्यायची पद्धत पडली. सांधा हवा होता, आणि पदार्थ तो द्यायला तयार नव्हता.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्स यांची अडचण याहून मोठी होती. १९७१ च्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तकाला त्यांनी ड्रॅगन, राक्षस, जादूगार यांची पुरवणी जोडली, आणि तशा मूर्ती बाजारात जवळपास नव्हत्याच. त्यांनी प्लॅस्टिकचा स्टेगोसॉरस घेतला आणि काटछाट करून त्याचा ड्रॅगन केला. हाँगकाँगमध्ये बनलेली, ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून पिशवीत विकली जाणारी स्वस्त खेळणी तेव्हा मिळत. त्यांत कुठल्याही ज्ञात प्राण्याशी न जुळणारे विचित्र आकार निघायचे. त्या आकारांना नाव आणि स्वभाव हवा होता. त्यातून लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आला, जमिनीखालून झडप घालणारा ‘ब्युलेट’ आला, घुबडाच्या तोंडाचा नि अस्वलाच्या अंगाचा ‘आउलबेअर’ आला. १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात हे प्राणी पुढे असे रुजले की आज पन्नास वर्षांनंतरही ते तिथे आहेत. एरवी लेखक प्राणी कल्पितो आणि शिल्पकार तो घडवतो. इथे चार आण्यांचं खेळणं आधी आलं, प्राणी मागून. हाताला जे लागलं त्यातून कल्पना कशी उगवते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

खरी कलाटणी दिली ती कडक प्लॅस्टिकनं, म्हणजे पॉलिस्टायरीननं. हा पदार्थ आपल्या घरी वेगळ्या नावानं येतो. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. शाळेच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोलचा डोंगर करून त्यावर स्प्रे पेंट मारलेल्या मुलांना आठवत असेल: रंग बसण्याऐवजी डोंगराला खड्डे पडतात, कडा आक्रसून जातात. संत्र्याची साल थर्माकोलवर पिळली तरी तसंच होतं, कारण सालीच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. प्रोजेक्टचा घात करणारा हा गुण मॉडेल करणाऱ्याच्या पथ्यावर पडला. प्लॅस्टिक सिमेंट नावानं मिळणारा पातळ द्रव म्हणजे असाच एक द्रावक. त्याच्या काही बाटल्यांना तर खरोखर संत्र्याचा वास येतो, कारण आत लिमोनीनच असतं. दोन तुकडे जुळवून धरायचे, फटीच्या तोंडाशी ब्रश टेकवायचा. द्रव केशाकर्षणानं आपसूक आत ओढला जातो. दोन्ही बाजूंचे लांबलचक रेणू सैल होतात, एकमेकांत घुसतात, आणि द्रावक उडून गेला की तिथे गोंदाचा थर असा उरतच नाही. दोन तुकड्यांचा एक तुकडा झालेला असतो. लोहाराच्या जोडकामासारखं हे काम, फक्त भट्टीशिवाय.

याच पदार्थातून दुसरी देणगी मिळाली, आणि ती एका अडचणीच्या पोटी. पॉलिस्टायरीनच्या मूर्ती पोलादी साच्यात दाबानं भरून काढतात. साच्याचे दोन ताठ अर्धे सरळ रेषेत उघडतात. रबरी साच्यासारखे ते वाकत नाहीत, त्यामुळे छातीशी धरलेल्या बंदुकीमागे, काखेत, हनुवटीखाली जिथे आकार आत वळतो तिथे मूर्ती साच्यात अडकते. उपाय एकच: मूर्तीचे भाग वेगळे करा. धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं, पाठीवरचं ओझं वेगळं. हे सगळे भाग एका चौकटीला देठांनी लटकलेले येतात. त्या चौकटीला खेळाडू ‘स्प्रू’ म्हणतात. कारखान्याला पोलादाच्या ताठपणापायी मूर्तीचे तुकडे करावे लागले. विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र सांधे आले.

१९८७ साली ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा भविष्यातल्या युद्धांचा खेळ आला आणि त्याच सुमारास चिलखती अंतराळसैनिकांचं प्लॅस्टिकचं खोकं. एका खोक्यात तीस सैनिक, सुटे हात, सुट्या बंदुका. सगळे हात सगळ्या खांद्यांना बसत होते. त्या काळी कंपनी स्वतःच लोकांना मोडतोडीला उद्युक्त करत होती. डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून हवेत तरंगणारं लढाऊ वाहन कसं करावं, हे तिनंच दाखवलं. खेळाच्या कथेतही तशी मुभा होती. त्यातले ‘ऑर्क’ शत्रूची वाहनं पळवतात, त्यांना पत्रे ठोकतात, नळ्या जोडतात. म्हणजे ऑर्कांची फौज घेणाऱ्यानं दुसऱ्या कुणाच्या रणगाड्याचं किट घेऊन त्यावर भंगार चढवलं तर ती मोडतोड कथेतच बसते. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर पाय, धड, डोकं, हात सगळं सुटं असलेले सैनिक आले. कंबर वळू लागली. एकाच खोक्यातले दहा जण दहा तऱ्हांनी उभे करता येऊ लागले.

आणि तुकडे उरू लागले. दहा धडं, पण डोकी पंधरा-वीस. तलवारी, पिशव्या, खंजीर कितीतरी. हे उरलेलं कुणी टाकत नाही. ‘बिट्स बॉक्स’ नावाचा डबा प्रत्येकाकडे असतो. माझ्याकडे तो आजीचा पानाचा डबा आहे. कात-सुपारीच्या खणांत आता डावे हात, उजवे हात, डोकी आणि ‘काय आहे माहीत नाही, पण लागेल’ अशी वर्गवारी आहे. नवीन मूर्तीची कल्पना अनेकदा कागदावर सुचत नाही. ती त्या शेवटच्या खणात बोट फिरवताना सुचते.

या मुभेवर न्यायालयाचीही सावली पडली. नियमपुस्तकांत अशी कितीतरी पथकं असायची ज्यांची मूर्ती कंपनी विकतच नव्हती. २०१० मध्ये ‘टर्व्हिगॉन’ नावाच्या परग्रहावरच्या महाकाय मादीचे नियम आले. मूर्ती आली दोन वर्षांनी. मधल्या काळात लोकांनी दुसऱ्या राक्षसांची किटं कापून, पुट्टीचं भलंमोठं पोट लावून ती घरी घडवली. अशा कामासाठी सुटे भाग बनवून विकणारे छोटे व्यावसायिक पुढे आले. त्यांतल्या चॅप्टरहाउस स्टुडिओज या अमेरिकी व्यवसायावर गेम्स वर्कशॉपनं २०१० च्या अखेरीस शिकागोत दावा लावला. २०१३ मध्ये ज्युरीनं संमिश्र निकाल दिला: काही दावे कंपनीच्या बाजूनं, बरेच विरुद्ध, आणि भरपाई २५ हजार डॉलर. त्यानंतरच्या पुस्तकांत मूर्ती नसलेली पथकं दिसेनाशी होत गेली. खोक्यात जेवढे पर्याय, नियमांत तेवढेच. अनेक खेळाडू याचं कारण त्या खटल्यात शोधतात. व्यवसायाचं गणित मला कळतं, तरी हा बदल मला बोचतो. न सापडणारी मूर्ती हेच तर हात चालवायचं सर्वांत मोठं निमित्त होतं.

दुसरा बदल संगणकानं आणला. मूर्ती पडद्यावर घडू लागल्या तशा त्या विलक्षण डौलदार झाल्या: वाऱ्यावर उडणारे झगे, हवेत झेपावलेले योद्धे. पण त्यांचे काप आता खांद्यावर किंवा कमरेवर येत नाहीत. जोड दिसू नये म्हणून ते झग्याच्या चुणीतून, पट्ट्याच्या कडेनं नागमोडी जातात. अर्ध्या छातीला डावा पाय जोडलेला, डोक्याला पाठीचा तुकडा. असं किट जुळवलं की एकच देखणी मूर्ती होते, आणि दुसरी काही होत नाही. तिचं रूप बदलायचं तर पुन्हा करवत आणि कानस हाती घ्यावी लागते, शिशाच्या दिवसांसारखी.

या गुळगुळीतपणाला सर्वांत रांगडं उत्तर ‘टर्निप२८’ या छोट्या ब्रिटिश खेळानं दिलं. मॅक्स फिट्झजेराल्ड या चित्रकाराची ही निर्मिती. नेपोलियनच्या काळासारखे कोट घातलेल्या, चिखलात बुडालेल्या आणि कंदमुळांनी ग्रासलेल्या एका जगात ती घडते. तयार फौजेचं खोकं घ्या आणि खेळा, असा हा मामलाच नव्हता. फौज प्रत्येकानं स्वतः जोडायची. लोक नेपोलियनकालीन पायदळाचं खोकं घेतात, त्यावर मध्ययुगीन सरदारांची शिरस्त्राणं बसवतात आणि पुट्टीच्या वळ्या ओढून मुळं काढतात. कुणी खरोखरच्या झाडांची वाळलेली मुळं लावतो. ओबडधोबड जोड तिथे खपून जातो, शोभूनही दिसतो. पहिल्यांदा पातं हातात घेणाऱ्याला मी याच वाटेनं जायला सांगतो, कारण तिथे चुकण्याची भीती राहत नाही.

इतिहासातल्या लढाया खेळणाऱ्यांसाठी मात्र ज्या जुळ्या भावांच्या खोक्यांना पर्याय नाही ते मायकेल आणि ॲलन पेरी. दोघंही गेम्स वर्कशॉपचे शिल्पकार, पुढे स्वतःची पेरी मिनिएचर्स काढली. दोघांना जुन्या लढाया वेशभूषेसह पुन्हा उभ्या करण्याचा नाद. १९९६ साली फ्रान्समध्ये क्रेसीच्या लढाईला ६५० वर्षं झाली, त्या सोहळ्यात तोफेच्या अपघातात मायकेल यांचा उजवा हात गेला. ते उजव्या हातानं काम करणारे. त्यांनी डाव्या हातानं शिल्पकाम नव्यानं शिकून घेतलं आणि पुन्हा मूर्ती घडवू लागले. त्यांच्या शिपायांच्या बोटांकडे, नखाएवढ्या चेहऱ्यांवरच्या थकव्याकडे बघताना हे मला दर वेळी आठवतं.

पेरींचं एकोणिसाव्या शतकातल्या अफगाण टोळीवाल्यांचं खोकं गेले काही महिने माझ्या टेबलावर आहे. मला हवं आहे पानिपत, १४ जानेवारी १७६१. अब्दालीच्या बाजूला ते शिपाई थोड्या फरकानं चालून जातात. माझं काम आहे त्याच खोक्यातून समोरची बाजू उभी करण्याचं.

सुरुवात दाढीपासून. अफगाण चेहऱ्यावरची भरघोस दाढी पात्याच्या पाठीनं खरवडायची, मिशी आणि कल्ले तेवढे ठेवायचे. हनुवटी एकदा खोल गेली तर परत येत नाही, म्हणून तीन खरवड, मग भिंगातून बघणं, मग पुन्हा तीन. पाठीवर रुळणारा फेट्याचा शेव कापून टाकायचा. सैल सलवार पोटरीशी घासून बारीक करायची, गुडघ्याखाली चोळण्याची कड वाटेल अशी पुट्टीची पट्टी फिरवायची. मग डोक्यावर पागोटं. पगडी घडवून ठेवलेली असते, ती टोपीसारखी चढवतात. पागोटं रोज नव्यानं बांधायचं, त्यामुळे प्रत्येक शिपायाचं वेगळं. इथे साचा उपयोगाचा नाही. हातानं गुंडाळावं लागतं.

त्यासाठी ‘ग्रीन स्टफ’ ही निळ्या-पिवळ्या दोन पट्ट्यांची इपॉक्सी पुट्टी. सारख्या भागात मळली की हिरवी होते, तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ हाताळता येते आणि रात्रभरात रबरासारखी चिवट होऊन बसते. पिवळी जास्त घेतली तर मऊ आणि चिकट, निळी जास्त तर कडक. हार्डवेअरच्या दुकानातली, गळक्या नळाला लावतात ती एम-सीलही इपॉक्सीच. आतला गाभा भरायला ती मी सर्रास वापरतो, पण बारीक घडी तिच्यात धरत नाही. मळल्यावर अर्धा तास पुट्टी तशीच ठेवायची. घाईनं लगेच हात घालणाऱ्याच्या बोटाला ती चिकटते आणि शिपायाला सोडते. मग ओल्या काचेवर सुतळीहून बारीक वळी करायची, थोडी चपटी करायची, कपाळाच्या उजव्या बाजूनं सुरू करून तिरकी वर न्यायची, मागून फिरवून पुन्हा पुढे आणायची. दुसरा वेढा पहिल्याला थोडा झाकणारा. सुईच्या टोकानं कापडाच्या चुण्या ओढायच्या, सुई दर वेळी पाण्यात बुडवून. पहिली चार पागोटी मला जिलबीसारखी झाली. मग घरातला जुना पंचा घेऊन आरशासमोर स्वतःच्या डोक्याला बांधून बघितला, तेव्हा कळलं की ताण कपाळावर असतो आणि सैलपणा मागे. पाचवं बरं जमलं.

शस्त्रांसाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोनदा जाऊन आलो. ढालीवरच्या चार उंचवट्यांमधलं अंतर आणि पट्ट्याच्या मुठीवरची कोपरापर्यंत जाणारी लोखंडी खोळ, हे दोन्ही फोटोत नीट कळत नाही. पट्टा करताना अफगाणाची मूठच कापली. खोळीसाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर दूर धरून मऊ केला, ताणून निमुळता केला. पात्यासाठी पातळ प्लॅस्टिकच्या शीटची पट्टी. हा जोड नाजूक, म्हणून आत पेपरक्लिपची तार. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडताना सिमेंट, पण तारेला ते धरत नाही, तिथे फेव्हिक्विक लागतं. हे सायनोॲक्रिलेट जातीचे गोंद हवेतल्या ओलाव्यानंच पक्के होतात आणि दमट दिवसांत आसपासच्या पृष्ठभागावर पांढुरकी वाफ बसवतात. ऐन जुलैत, खिडकी लावून काम केल्यामुळे एका पट्टेकऱ्याचा चेहरा मी असाच धुक्यात घालवला होता. आता तारेचं काम पंख्याखाली, गोंद टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच.

बारा शिपाई झाले तेव्हा ते टेबलावर गोधडीसारखे दिसत होते: करडं प्लॅस्टिक, हिरवी पागोटी, पांढरी ढाल, चंदेरी तारेची टोकं. कुठला भाग कुठून आला ते दुरूनही सांगता येत होतं. परवा गच्चीत नेऊन त्यांच्यावर करड्या प्रायमरचा पातळ हात मारला. दहा मिनिटांनी भिंग लावून एकेक उचलला. रंगांचे भेद गेले होते, आणि अकरा जण पहिल्यांदाच मला आख्खे दिसले. कोण मुळात अफगाण होता हे मलाही आठवून बघावं लागलं. बाराव्याच्या मानेभोवती केसाएवढी भेग राहिली होती. उन्हाकडे धरलं की ती कॉलरवरून कानापर्यंत जाताना दिसत होती. त्याला तसाच खाली आणला, दिवा ओढला आणि पातं बदललं.